घोडेस्वाराला उशीर का झाला

६ जून, सोमवार

आजपासून साप्ताहिकाच्या कचेरीत कामाला लागले. हुद्दा तपासनीस, नेमणूक तात्पुरती. खुर्चीवर बसून पगार घेणारी घरातली मी पहिली, म्हणून निघताना बाबांनी विचारलं, "खुर्चीला पाठ आहे ना गं?" पाठ आहे, पण डावा हात डुगडुगतो. तेवढं सांगितलं नाही. मग दिवसभर लपवल्यासारखं वाटत राहिलं, म्हणून संध्याकाळी सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "मग उजवीकडं रेलून बस."

काम असं : दर शनिवारी आमच्या साप्ताहिकात कादंबरीकार बाईंची ऐतिहासिक प्रेमकादंबरी क्रमशः येते. गेल्या कादंबरीत तीनशे वर्षांपूर्वीच्या नायिकेने काडेपेटीने दिवा लावला आणि वाचकांनी कचेरी डोक्यावर घेतली. संपादक म्हणाले, "आपल्या वाचकांना प्रेम खोटं चालतं, काडेपेटी खोटी चालत नाही. म्हणून तू."

मी माझा नियम त्यांना सांगितला. कुठलीही गोष्ट दोन स्वतंत्र आधार मिळाल्याशिवाय मी बरोबर धरणार नाही. ते म्हणाले, "धरू नकोस. फक्त जे काय धरणार नाहीस, ते गुरुवारच्या आत धरू नकोस. शुक्रवारी छपाई असते."

१४ जून

बाईंकडे पहिल्यांदा गेले. सत्तरीच्या आसपास असतील. नजर अधू झाली आहे, त्यामुळे त्या सांगतात आणि सकाळी एक टंकलेखिका येऊन उतरवून घेते. मी ते मोठ्याने वाचायचं आणि चुका दाखवायच्या. भिंतीवर यजमानांचा फोटो आहे. त्यावर धूळ नाही, पण तो किंचित तिरका आहे. मी सरळ करू का विचारलं. बाई म्हणाल्या, "राहू दे, त्यांना सवय आहे."

आज नायिकेच्या कपड्यांवरची काचेची बटणं काढली आणि तिच्या ताटातला बटाटाही. बाईंनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. "आणखी कुणाचा बळी?" एवढंच विचारलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर जाहिरातींचं काम बघणारी बाई बसते. मी तिला मनात जाहिरातवाली म्हणते. ती म्हणाली, "बटणं काढ, बटाटे काढ, बाई काही बोलायच्या नाहीत. फक्त शेवटाला हात लावू नकोस. त्यांच्या प्रत्येक कादंबरीत नायिकेचं लग्न भलत्याशी लागत असतं आणि अगदी शेवटच्या क्षणी नायक दारात उभा राहतो. जगबुडी झाली तरी येतो तो. त्याच्या येण्यावर आपली सगळ्यांची चूल आहे."

मी विचारलं, "प्रत्येक?" ती म्हणाली, "एकूण एक."

५ जुलै

मन थाऱ्यावर नाही. नीट लिहून काढते.

या आठवड्याच्या प्रकरणात नायकाला, म्हणजे घोडेस्वाराला, सीमेवरच्या किल्ल्यात कळतं, की उद्या सकाळी गढीवर नायिकेचं लग्न आहे. तो अंधार पडल्यावर निघतो आणि सकाळी मुहूर्ताला पोचतो. मी नकाशावर दोरा लावून अंतर मोजलं. घोड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक पाहिलं. मग बाबांना विचारलं, कारण त्यांनी निम्मं आयुष्य घोडागाडी हाकली. बाबांनी विडी विझवली आणि शांतपणे म्हणाले, "मधेच बसेल. मारून मुटकून उठवलास तर मरेल. कुठलाही घोडा असो."

दोन स्वतंत्र आधार झाले.

बाईंच्या हातात दोरा देऊन सगळं सांगितलं. त्यांनी तो बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, "म्हणजे तो पोचूच शकत नव्हता?"

"नाही."

"मनात असूनसुद्धा?"

"मनाचा प्रश्न नाही बाई. घोड्याचा आहे."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "बरं. मग येऊ दे उशिरा," म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे नवं प्रकरण सांगितलं. घोडेस्वार वाटेत थांबतो, घोड्याला पाणी दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गढीवर पोचतो. तोवर लग्न लागलेलं असतं.

संपादक लेकीच्या बाळंतपणाला गेले आहेत. ते असते तरी वाचलं नसतं. त्यांचं म्हणणं असं, की बाईंचं लिखाण वाचायचं नसतं, छापायचं असतं. प्रकरण तसंच छपाईला गेलं. काम चोख झाल्याचं समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी दोरा पुन्हा एकदा नकाशावर लावून पाहिला.

९ जुलै, शनिवार

अंक आला. आमच्याकडे शनिवारी मी प्रकरण वाचते. आई ऐकते, शेजारच्या दोन काकू ऐकतात, बाबा ऐकत नसल्याचं दाखवून दाराशी बसतात. आज वाचून संपलं तेव्हा सगळ्या माझ्या हातातल्या पानाकडेच बघत राहिल्या. थोरल्या काकू म्हणाल्या, "पान चिकटलंय का बघ गं. पुढचं असेल."

नव्हतं. मग मी घोड्याचं समजावून सांगितलं. काकू उठून गेल्या.

बाबा म्हणाले, "अगं, तू मला खऱ्या घोड्याचं विचारलंस."

"मग?"

"मग काय मग! कादंबरीतल्याचं विचारायचं होतंस. तो पोचला असता."

आई अजून माझ्याशी बोललेली नाही.

१४ जुलै

संपादक परत आले. नातू झाल्याचे पेढे एका हातात आणि वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा दुसऱ्या हातात. गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, "तू घोडा वाचवलास आणि साप्ताहिक मारलंस."

पेढा दिला. तो खाल्ला तर प्रसंगाचं गांभीर्य जातं आणि न खाल्ला तर नातवाचा अपमान होतो, म्हणून हातात धरून उभी राहिले.

ते म्हणाले, वाचकांना नेमकं काय आवडतं आणि काय खुपतं, ते सगळी पत्रं वाचून लिहून दे. आणि बाईंकडे जाऊन सांग, की माझं चुकलं, घोडा पोचतो. बाईंनी कसंही करून नायकाला वेळेवर आणावं. तोवर त्या पानावर जाहिराती जातील. नाही जमलं, तर कादंबरीबरोबर माझी नेमणूकही संपेल.

"पण घोडा नाही पोचत," मी म्हटलं.

"मला माहीत आहे गं नाही पोचत! मी काय घोडा आहे?"

त्या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, पण तेव्हा विचारावंसं वाटलं नाही.

१८ जुलै

तीन दिवस पत्रं वाचते आहे. निष्कर्ष कच्चे आहेत, पण लिहून ठेवते.

आवडतं : नायकाला जखम झालेली आवडते. खांद्याला झालेली सर्वांत जास्त, पायाला झालेली कमी, पोटाला कुणालाच नको. नायिकेने ती बांधताना दोघांनी भांडावं. दागिने सावकाश वर्णन केलेले हवेत, लढाया भरभर. खाष्ट आत्या सर्वांना हवी, आणि तिने शेवटी सुधारू नये. दोघांनी पहिल्यांदा हात धरायला भरपूर प्रकरणं लागावीत. एका परिचारिकेने लिहिलं आहे, "दिवसभर सगळे घाईत असतात, निदान तुमच्या कादंबरीत तरी कुणी ताटकळू दे."

खुपतं : नायकाने प्रेम करता करता सनावळ्या सांगणं. नायिकेने कॉलेजातल्या मुलीसारखं बोलणं. "सोड मला" म्हटल्यावर न सोडणारा नायक. याबद्दल वयस्क बायकांनी तरुण मुलींपेक्षा जास्त कडक भाषा वापरली आहे. शेवटी सगळं स्वप्न होतं असं निघणं. (संपादकांच्या मनात नेमकं हेच होतं. मी हा परिच्छेद वर घेतला.) तळटीपा. तळटीपा फारच खुपतात. त्या माझ्या आहेत.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. प्रत्येकाने लिहिलं आहे, की नायक शेवटी येणार हे आधीच ठाऊक असतं. मग त्याच्या येण्याची इतकी वाट का बघतात? एका शिंप्याने लिहिलं आहे : "ताई, खऱ्यात कोण कधी वेळेवर आलंय? ते बघायला आम्हाला साप्ताहिक कशाला लागतं?"

त्याचं पत्र गठ्ठ्यात परत ठेवलं नाही.

१९ जुलै

आज एक वाचक समक्ष आले. सत्तरी ओलांडलेले, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, डाव्या हातात छत्री. म्हणाले, "तक्रार कुठं घेता?"

"इथेच. बसा. घोड्याबद्दल असेल, तर तो बरोबर आहे. माझ्याकडे दोन आधार आहेत."

"घोड्याला कशाला बोल लावता?" म्हणाले. "पूल वाहून गेला होता."

मी विचारलं, कुठला पूल? कादंबरीत नदीच नाही.

"असायला हवी."

मग त्यांनी ते इतकं तपशीलवार सांगितलं, की मी त्यांच्या पत्त्यासकट लिहून घेतलं. घोडेस्वार थकला नव्हता. तो वेळेत निघाला होता. आदल्या दिवशी पूर आला आणि पूल गेला. तो काठावर बसून राहिला. पाणी उतरून तो पलीकडे गेला, तेव्हा लग्नघरासमोरच्या खुर्च्या उचलत होते.

मी सांगितलं, त्या काळी समारंभाला खुर्च्या मांडत असतील असं वाटत नाही. बैठका लिहिते. ते म्हणाले, "तुमची मर्जी."

इतिहासाचे अभ्यासक आहात का, असं विचारलं. नाही म्हणाले. पूल बांधायच्या खात्यात होते, सगळी नोकरी त्यातच गेली.

"त्या खात्यात कधी लागलात?"

"त्यानंतर लगेच."

कशानंतर ते विचारायचं राहिलं, कारण ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "तिला एवढं सांगा."

"नायिकेला?"

"लेखिकेला," म्हणाले. वयस्क वाचकांची लेखिका आणि नायिका यांच्यात गल्लत होते. अहवालात नोंद केली.

ते गेल्यावर जाहिरातवाली त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "बघ ना, पूल खात्यातला माणूस, घोडा सोडून पुलाचं बोलणारच." ती म्हणाली, "तू कधी प्रेमात पडलीस ना, तर आधी आम्हाला कळेल. तुला मागाहून कळवू."

२१ जुलै

बाईंकडे गेले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं : "बाई, माझं चुकलं, घोडा पोचतो." दारातच म्हणाले, "बाई, माझं चुकलं, घोडा पोचतो, असं सांगायला संपादकांनी सांगितलंय. पण ते खरं नाही."

बाई हसल्या. "नोकरी जाईल तुझी."

"हो."

"मग?"

मला रडू येत होतं, म्हणून घाईने दुसऱ्या विषयाकडे वळले. म्हटलं, एका वाचकाची वेगळीच तक्रार आहे, ती नोंदवून घ्या. त्यांचं म्हणणं, घोडा थकला नव्हता, पूल वाहून गेला होता.

बाईंच्या हातातला कप बशीवर आपटला. फुटला नाही, पण चहा सांडला. मी पुसू लागले. त्या म्हणाल्या, "काय म्हणालीस? सगळं सांग. जसंच्या तसं."

मी टिपण वाचून दाखवलं. "पलीकडे बैठका उचलत होते" या ठिकाणी थांबून प्रामाणिकपणे सांगितलं, की ते खुर्च्या म्हणाले होते, बैठका मी केलं.

"खुर्च्याच ठेव."

"बाई, तीनशे वर्षांपूर्वी—"

"लोखंडी. घडीच्या. निळ्या होत्या."

मी लिहून घेतलं आणि समोर प्रश्नचिन्ह टाकलं. बाईंनी विचारलं, ते छत्री कुठल्या हातात धरतात? डाव्या, म्हटलं. बाई नवीन पात्रांसाठी असे बारीकसारीक तपशील गोळा करत असतात.

निघताना म्हणाल्या, "त्यांना घेऊन ये. पुलाची खातरजमा करायला हवी." खातरजमा हा माझा शब्द बाईंच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

२६ जुलै

खातरजमेची बैठक. शिस्तीत पार पडली असं म्हणता येणार नाही.

पूलवाले काका पॉलिश केलेले बूट घालून आले. बाईंनी चांगली साडी नेसली होती, बहुधा धोब्याकडून आज आली असावी. दोघंही समोरासमोर बसले ते बसलेच. वेळ वाया जाऊ नये, म्हणून मी नकाशा पसरला आणि पूल नेमका कुठे होता ते दाखवायला सांगितलं. काकांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. बाईंना म्हणाले, "तुला माहीत आहे."

लेखिकेला पहिल्याच भेटीत अगं-तुगं करणं बरं नाही. बाईंनी मात्र खपवून घेतलं.

बाई म्हणाल्या, "नायिकेला पुलाचं कुणी सांगितलं नाही."

"घोडेस्वारानं निरोप धाडला होता."

"कुणाच्या हाती?"

"तिच्या थोरल्या भावाच्या."

"भावानं सांगितलं," बाई सावकाश म्हणाल्या, "की घोडेस्वाराचं मन फिरलं."

इथे मला बोलावंच लागलं. कादंबरीत नायिकेला भाऊच नाही, एकुलती एक आहे, दुसऱ्या प्रकरणात तसं स्पष्ट आहे. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा टाकायला उठले.

चहा घेऊन आले, तर बाई म्हणाल्या, "हा नकाशा लहान आहे. कचेरीतून मोठा घेऊन ये, सावकाश ये." मी धावत गेले आणि धावत आले. मोठा नकाशा कुणी उघडला नाही. चहा तसाच होता, वर साय धरलेली. काका एका पुलाबद्दल सांगत होते, तो त्यांनी खूप नंतर त्याच नदीवर बांधला, आणि बाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना झोप आली असावी असं वाटून मी खूण केली, की आता निघूया. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

तारीख, साल, पुलाची लांबी, काहीच निश्चित झालं नाही. संपादकांना काय सांगू?

२ ऑगस्ट

बाईंनी शेवटचं प्रकरण सांगितलं. नायक वेळेवर येत नाही. त्याने घोड्याला पाणी दाखवलं ती नदी निघते, पूल वाहून गेलेला; तो पलीकडे पोचतो तेव्हा खुर्च्या उचलत असतात आणि तो तसाच परत फिरतो. वर्षं उलटतात. नायिकेचा नवरा बरा माणूस निघतो, म्हातारपणी जातो. एक दिवस एक पिकल्या केसांचा माणूस गढीच्या दाराशी येतो. ती विचारते, "उशीर का झाला?" तो म्हणतो, "पूल वाहून गेला होता." ती म्हणते, "मला कुणी सांगितलं नाही. ये, आत ये." संपलं.

जखम नाही, दागिने नाहीत, तलवार नाही. अहवालातलं आवडणारं एकही कलम यात बसत नाही. संपादकांनी या वेळी प्रकरण वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "छापा. नाहीतरी बुडालोच आहोत." मी टेबल आवरून ठेवलं. माझं त्यात पाण्याची बाटली आणि पट्टी एवढंच होतं.

खुर्च्यांबद्दल मात्र बाईंशी भांडले. शेवटी त्यांनी निळा रंग आणि लोखंड काढलं. खुर्च्या राहिल्या.

६ ऑगस्ट, शनिवार

घरी वाचलं. काकू दोघी आल्या होत्या, रुसवा धरून. या वेळी पान चिकटलंय का, असं कुणी विचारलं नाही. आई उठली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली. थोरल्या काकू म्हणाल्या, "माझ्याही वेळी एक पूल होता," आणि धाकट्या काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं. काकूंच्या माहेरी नदी नाही. मला ठाऊक आहे.

बाबांनी दारातून विचारलं, "काठावर बसून होता तेव्हा घोड्याला चारा मिळाला का?"

मी म्हटलं, बाईंनी लिहिलेलं नाही.

"मिळाला असेल," बाबा म्हणाले. "तसा माणूस आधी घोड्याचं बघेल."

१२ ऑगस्ट

पत्रं येताहेत. संपादकांनी विचारलं, "कुठल्या रकान्यात?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. लोकांनी आवडलं की नाही हे लिहिलेलंच नाही. आपापले पूल लिहिले आहेत. कुणाची बदली, कुणाचा आजारी बाप, कुणाचा बंद पडलेला फोन. शिंप्याचंही आलं आहे. एकच ओळ : "ताई, उशिराचंही चालतं म्हणायचं."

संपादकांनी टेबलाच्या खणाची किल्ली दिली. जाहिरातवाली म्हणाली, "तात्पुरत्या माणसांना किल्ली देत नाहीत, बये. जा, घरी सांग."

खुर्चीचा हातही सुताराकडून बसवून मिळणार आहे. बाबांना आधी तेच सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "पक्का बसवणार ना?"

२२ ऑगस्ट

एका वाचकाचं पत्र आलं आहे. निवृत्त शिक्षक असावेत. अक्षर सुरेख. लिहितात, त्या प्रदेशाच्या कुठल्याही इतिहासात अशा पुलाचा उल्लेख नाही, तरी आधार कळवावा. शेवटी एक तरी खरा वाचक भेटला म्हणून आनंद झाला आणि लगेच ओसरला, कारण त्यांचं बरोबर आहे. मी हा पूल आधाराशिवाय जाऊ दिला.

पत्र घेऊन तडक बाईंकडे गेले. दार काकांनी उघडलं. हातात पाना होता, बाईंच्या घरातला नळ दुरुस्त करत होते. भिंतीवरचा फोटो कुणीतरी सरळ केला आहे.

मी पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, काय कळवू?

बाई म्हणाल्या, "लिही, प्रत्यक्षदर्शी."

मी म्हटलं, हकीकत तीनशे वर्षांपूर्वीची आहे आणि काका फार तर पंच्याहत्तरीचे. शिवाय माझा नियम दोन आधारांचा आहे.

"दुसरी मी," बाई म्हणाल्या.

काकांनी स्वयंपाकघरातून आवाज दिला, "खुर्च्या निळ्या होत्या तेही लिहा."

खुर्च्यांचं लिहिलं नाही. बाकी उत्तर लिहून टपालात टाकलं : पुलाच्या घटनेला दोन प्रत्यक्षदर्शी आहेत, दोघांचीही साक्ष जुळते. यात खोटं असं काही नाही. फक्त ते दोघे अजून एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, याची मला खात्री देता आली नाही, म्हणून तो शब्द गाळला.